घोडबंदरचं घर आणि ओकानागनची बाग

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आवरून:

"ताई, मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते. महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत तीस वर्षं प्लांटवर होते. मुलगा चौतीस वर्षांचा, आठ वर्षं कॅनडात, केलोना नावाच्या गावी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सून नर्स आहे. दोघांना तिथलं पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालंय. गेली तीन वर्षं तो शनिवार-रविवार एका द्राक्षबागेत कामाला जातो. आता तिथे चार एकरांची बाग विकायला निघाली आहे, आणि लहानशी वायनरी करता येईल अशी शेडही सोबत आहे. २०२४ च्या थंडीत निम्म्या वेली गेल्या म्हणून मालक स्वस्तात देतोय, अशी संधी पुन्हा यायची नाही, असं तो म्हणतो. आमचं घोडबंदर रोडचं वन बीएचके विकून त्याला पैसे द्यावेत, साधारण पंचाहत्तर लाख येतील, उरलेलं बँक देईल आणि पाच वर्षांत तो परत करील. त्या घराच्या भाड्यावर आमची औषधं आणि मेडिक्लेम चालतो. घर घेतलं होतं सासऱ्यांची गावची जमीन विकून. सासरे माळकरी होते. 'माझ्या बापाची जमीन दारूत घालणार नाही,' एवढं बोलून ह्यांनी फोन ठेवला. महिना झाला, बापलेक बोलत नाहीत. आणि हेच रोज रात्री मोबाइलवर वाईन कशी करतात ते बघत बसतात. परवा म्हणाले, जांभळी नाक्यावरून काळी द्राक्षं आणतो आणि बाल्कनीत बरणीत घालून बघतो. मी कोणाला काय सांगू?"

ताई,

घर विकू नका. निदान यंदा तरी नको. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. पण मुलाला नुसतं 'नाही' म्हणून विषय संपवूही नका, कारण त्याचं म्हणणं वेडेपणाचं नाही. तीन वर्षं दर सुट्टीला दुसऱ्याच्या बागेत राबणारा माणूस लहरी नसतो. एवढंच आहे की शनिवार-रविवारची बाग वेगळी आणि आपल्या सातबाऱ्यावरची बाग वेगळी. तो फरक मी लहानपणापासून घरात पाहिला आहे.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. आमची थॉमसनची बाग, म्हणजे खायची द्राक्षं. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चला माल. मधे भुरी, डावणी, करपा हे रोग आणि थंडी. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधी कधी चार-पाच अंशांवर उतरतो. अशा रात्री वडील दोनला उठायचे. बागेच्या कडेनं पाल्याच्या शेकोट्या पेटवायचे, म्हणजे धूर वेलींवर धरून राहतो. ठिबकातून विहिरीचं पाणी सोडायचे, कारण त्या वेळी ते हवेपेक्षा ऊबदार असतं. पिकत आलेल्या मण्याला थंडी लागली की तो तडकतो, आणि तडकलेला घड व्यापारी उचलत नाही. आई चहा घेऊन यायची. आम्ही भावंडं शेकोटीत काड्या सारायचो, आम्हाला तो खेळ वाटायचा. वडील उजाडेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत.

ही चार-पाच अंशांची गोष्ट झाली. तुमचा मुलगा ज्या खोऱ्यात बाग घेऊ पाहतोय तिथे जानेवारी २०२४ च्या मध्याला पारा उणे पंचवीसच्याही खाली गेला. वाईनसाठी लावतात त्या युरोपीय जातींचे डोळे, म्हणजे पुढच्या फुटीचे कोंब, उणे वीस-बावीसपर्यंत कसेबसे तग धरतात, त्याखाली मरतात. त्या वर्षी त्या खोऱ्याचं, म्हणजे ओकानागनचं, जवळजवळ अख्खं द्राक्षपीक गेलं. तिथल्या सरकारला वायनऱ्यांना बाहेरून द्राक्षं आणून वाईन करायची मुभा द्यावी लागली. त्याच्या पाचच महिने आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, केलोनासमोर तलावाच्या पलीकडच्या काठावर, वेस्ट केलोनाच्या डोंगरांत मोठा वणवा लागला होता. वणव्याचा धूर द्राक्षाच्या सालीत मुरतो आणि त्या वाईनला राखेची चव येऊ शकते. द्राक्षं धुऊन ती जात नाही. बाग स्वस्त का झाली याचं उत्तर या दोन घटनांत आहे, आणि मालक ते तुमच्या मुलापेक्षा जास्त ओळखून आहे.

मग अशा ठिकाणी माणसं द्राक्षं लावतातच कशाला? हे तुम्ही समजून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण मुलगा ज्याच्या प्रेमात पडलाय ते इथेच आहे.

ओकानागन हे एक लांबट खोरं आहे. मधून सुमारे १३५ किलोमीटर लांबीचा तलाव जातो. तो इतका खोल आहे की हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही. उन्हाळ्यात साठवलेली ऊब तो काठच्या उतारांना हिवाळाभर देत राहतो, आणि बागा त्या उतारांवर आहेत. पाऊस वर्षाला तीन-चारशे मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे जुलैच्या एखाद्या जोराच्या आठवड्यात पडतो तेवढा. त्यामुळे आपल्याकडे बागायतदाराची झोप उडवणारी डावणी तिथे फारशी त्रास देत नाही. खोरं पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास, म्हणून जूनमध्ये सोळा तास उजेड. पण सप्टेंबर आला की दिवसा छान ऊन आणि रात्री पारा दहाच्या खाली.

त्या थंड रात्रींत खरी गंमत आहे. द्राक्ष पिकताना साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. नाशकात फेब्रुवारीच्या शेवटाला ऊन तापायला लागलं की साखर धावत सुटते आणि रात्रीही उबदार असल्या तर आंबटपणा भराभर जळून जातो. तिथे रात्र थंड, म्हणून आंबटपणा टिकतो, साखर हळूहळू चढते आणि त्या सावकाशीत वास भरतो. अढीत गवतावर पिकलेला हापूस आणि पावडर टाकून दोन दिवसांत पिवळा केलेला हापूस यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. केलोनाच्या आसपास रिस्लिंग, पिनो नुआर, पिनो ग्री, शार्डने या जाती चांगल्या येतात त्या यामुळे. आंबटगोड, हलकी, सुवासिक वाईन होते. तिच्यासाठी चांगली नोकरी सोडावीशी वाटणं मला समजतं.

पण जी थंडी चव देते तीच गळाही धरते. उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकणार हे ठरलेलं असतं, कधी काढायचं एवढाच प्रश्न. थंड खोऱ्यात ते पिकेल का, हा दर वर्षीचा प्रश्न आहे. एप्रिलच्या शेवटी डोळे फुटतात. मेमध्ये एखाद्या रात्री पारा उणे दोन झाला की कोवळे फुटवे काळे पडतात. ऑक्टोबरमध्ये गोठण लवकर आली तर पानं जळतात आणि साखर जिथल्या तिथे थांबते. हाताशी मोजके महिने, आणि दोन्ही टोकांना सुरी लावलेली.

आता हिशेब. मुलानं तुम्हाला पाठवलेले आकडे मी पाहिलेले नाहीत, म्हणून माझे देते. ते त्याच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. चांगल्या वाईनसाठी थंड प्रदेशात एकरी तीन टन माल धरतात, कधी दोन, कधी चार. आपल्याकडे खायच्या द्राक्षांचे एकरी दहा टन ऐकायची सवय असलेल्या कानांना हे फार कमी वाटेल, पण वेलीवर जास्त ओझं ठेवलं तर थंडीत माल पिकत नाही. चार एकरांचे बारा टन. एका टनातून साधारण साडेसहाशे लिटर वाईन निघते. म्हणजे सात हजार आठशे लिटर, पाऊण लिटरच्या दहा हजारांवर बाटल्या. हे सगळ्या वेली जिवंत आणि पूर्ण वाढलेल्या असताना. निम्म्या मेल्या आहेत म्हणतो, तर आज पाच हजार धरा. मेलेल्यांच्या जागी नव्या लावल्या तर तिसऱ्या वर्षी पहिला मोजण्याजोगा घड, पूर्ण माल चौथ्या-पाचव्या वर्षी. लाल वाईन असेल तर वर्ष-दीड वर्ष पिंपात मुरणार. सव्वादोनशे लिटरचं एक नवं फ्रेंच ओकचं पिंप हजार डॉलरच्या वर जातं आणि त्यात बाटल्या होतात तीनशेच. तेव्हा 'पाच वर्षांत परत करीन' हे वाक्य त्यानं मनापासून म्हटलं असेल, पण वेलीला ते पाळता येणार नाही. पाचव्या वर्षी नव्या वेलींची पहिली बाटली कदाचित विकायला बाहेर पडेल.

आणि विकणार कोण? लहान वायनरीला दुकानदार दारात उभा करत नाही. गिऱ्हाईक बागेवर येतं, घोटभर चाखतं, दोन बाटल्या घेऊन जातं. पर्यटक येतात मे ते ऑक्टोबर. दीडशे दिवसांत दहा हजार बाटल्या म्हणजे रोज पासष्टच्या वर. वेलींची कामं ऐन भरात असताना रोज हसतमुखानं काउंटरवर उभं राहायचं. सून नर्स आहे, तिची पाळी सुटल्यावर ती उभी राहणार आहे का, हे तिला कुणी विचारलंय? तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच नाही.

इथे मला काकांबद्दल सांगायचंय. २००१ साली आपल्या सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, सवलती दिल्या आणि नाशिक भागात वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. काकांनी २००५ मध्ये दोन एकर थॉमसन काढून एका वायनरीशी करार केला आणि शिराझ आणि काबर्ने लावली. पहिली दोन पिकं वेळेवर उचलली गेली. मग २००८ आलं. जगभर मंदी, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला, हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. २००९ च्या फेब्रुवारीत वायनरीनं माल घ्यायला गाडीच पाठवली नाही. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते लासलगावच्या बाजारात न्यायचं म्हटलं तरी घेणार कोण? घड वेलीवर सुकले. पुढच्या वर्षी काकांनी खोडं करवतीनं कापली आणि त्यांवर थॉमसनची कलमं बांधली. काकांच्या हातात कसब होतं, जमीन चांगली होती, पीक उत्तम आलं होतं. तरी ते बुडाले, आणि कर्ज फेडायला सात वर्षं लागली. पण जमीन गेली नाही, कारण काकांनी ती तारण ठेवली नव्हती. मी तुम्हाला घर विकू नका म्हणते ते या आठवणीतून.

तुमचं वय, यजमानांचं वय, औषधं आणि मेडिक्लेम हे त्या घराच्या भाड्यावर चालतं. ते घर म्हणजे तुमचं पेन्शन आहे. मुलाला ते मागताना असं वाटलं नसेल, कारण त्याच्या डोळ्यांसमोर बंद पडून असलेली एक मालमत्ता आहे. हे त्याला स्पष्ट शब्दांत, न रागावता सांगा. आणि व्यवहाराचंही बघा. घर विकलं की नफ्यावर कर. बाहेर पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत प्रत्येकाला वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरची मुभा आहे, म्हणजे मर्यादेचा अडथळा नाही. पण दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, तोवर पैसे अडकतात. पंचाहत्तर लाखांतले त्याच्या हातात वेळेवर किती पोचतील हे आधी सीएला विचारा.

आता माळेचं. माझी आजीही माळकरी होती. काकांनी वाईनची द्राक्षं लावली तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त त्या दोन एकरांच्या बांधावर तिनं पाऊल ठेवलं नाही. आमच्या बागेत विरळणीला यायची, घड साफ करायची, पण तिकडे नाही. माल सुकला त्या रात्री काका तिच्यापुढे बसून रडले. तिनं त्यांना जेवायला वाढलं, डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतरही बांधावर मात्र ती गेली नाहीच.

म्हणून यजमानांच्या आक्षेपाला मी हलकं लेखणार नाही. २०२२ साली सुपरमार्केटात वाईन विकू द्यावी का यावरून आपल्या राज्यात वाद झाला, तेव्हा 'वाईन म्हणजे काही दारू नव्हे' असं बरंच बोललं गेलं. मला ते पटत नाही. वाईनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण प्रकृतीला सुरक्षित म्हणता येत नाही. मुलानं 'वाईन हृदयाला चांगली' असं सांगून वडिलांना वळवायचा प्रयत्न केला तर त्याला थांबवा. त्याच वेळी तलावपाळीच्या चर्चमध्ये मिसेला वेदीवर जी ठेवतात तीही वाईनच, आणि ती करणारेही कुणी कष्टाळू शेतकरी असतात. एकाच्या घरात निषिद्ध ते दुसऱ्याच्या घरात पवित्र. मुलगा चौतीस वर्षांचा आहे. तो काय पिकवतो हे ठरवायचा हक्क त्याचा, आणि आपल्या वडिलांच्या जमिनीचे पैसे कुठे जाऊ नयेत हे ठरवायचा हक्क यजमानांचा. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

फक्त एक शंका मला येते. त्या फोनवर माळ बोलली की भीती? सगळी पुंजी एका गोठणाऱ्या डोंगरउतारावर टाकायची ही भीती कुठल्याही बापाला वाटेल, पण मुलापुढे 'मला भीती वाटते' म्हणणं आपल्या पुरुषांना जड जातं. एखाद्या संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांना विचारा, "अहो, त्यानं पैसे मागितले नसते, फक्त सांगितलं असतं की मी बाग घेतोय, तर तुम्ही काय म्हणाला असता?" उत्तराची घाई करू नका. ते काय म्हणतात त्यावरून कळेल की अडचण नेमकी कुठली आहे. मुलाशी बोलताना तीच खरी अडचण सांगावी. पैशाच्या भीतीला धर्माचं नाव दिलं की मुलगा धर्माशी भांडत बसतो आणि भीती तशीच राहते.

मुलाला काय सांगायचं? त्याला एक पूर्ण वर्ष मागा. आत्ता फेब्रुवारी आहे, तिथे छाटणी चालू असेल. इथपासून ऑक्टोबरच्या तोडणीपर्यंत त्यानं एखादी अर्धा-पाऊण एकराची बाग खंडानं घ्यावी, किंवा ओळखीच्या मालकाकडून काही ओळी सांभाळायला मागाव्या, आणि त्या ओळींचं बरंवाईट सगळं त्याच्या अंगावर असावं. मेमध्ये गोठणीचा इशारा आला की कामाच्या दिवशीही पहाटे तीनला त्यानं उठावं. दुसऱ्याच्या बागेत आपण फक्त आवडती कामं करतो. स्वतःच्या ओळींवर त्याला तणही काढावं लागेल आणि पक्ष्यांसाठी जाळीही ओढावी लागेल.

तोडणीला त्यानं दोनशे किलो द्राक्षं घेऊन वाईन करावी. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे केलोना ज्या प्रांतात आहे तिथे, स्वतःच्या घरापुरती वाईन घरी करायला कायद्यानं मोकळीक आहे. दोनशे किलोंत सव्वाशे-एक लिटर होईल, दीडशेच्या वर बाटल्या. लाल करायची तर द्राक्षं देठांतून सोडवायची, फोडायची, यीस्ट घालायचं. साली वर तरंगून थर धरतात, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा, आठ-दहा दिवस. तापमान पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवायचं. इडलीचं पीठ मेमध्ये पाच तासांत फुगतं आणि डिसेंबरात रात्रभर तसंच बसतं, हे तुम्ही रोज पाहता. तिथल्या ऑक्टोबरात तळघर दहा अंशांवर गेलं की यीस्ट तसंच बसतं. पुढे दुसरं आंबवणं असतं. हिरव्या सफरचंदासारखा जो तीव्र आंबटपणा थंड प्रदेशातल्या द्राक्षात जास्त असतो, त्याचं जिवाणू सौम्य, दह्यासारख्या आंबटपणात रूपांतर करतात. थंडीत तेही थांबतं आणि वसंतात पुन्हा सुरू होतं. तोवर वाईन उघडी राहिली की व्हिनेगर. या सगळ्यात भांडी धुण्याचं काम सगळ्यात जास्त. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू न देणारी तुमची शिस्त त्याला इथे कामाला येईल, हे त्याला सांगा, त्याला बरं वाटेल.

वर्षाअखेर त्याला हे काम हवंसं वाटलं, सुनेला पटलं आणि वाईन दुसऱ्यांनी मागून प्यायली, तर पुढचं बोलू. तेव्हाही स्वतःची वायनरी लगेच नको. पहिली काही वर्षं द्राक्षं पिकवून दुसऱ्याच्या वायनरीत मोबदला देऊन वाईन करून घेता येते. तिथे अशी सोय असते. टाक्या, पंप, प्रेस यांत पैसा नंतर घालावा. आणि तुम्हाला मदत करायचीच असेल तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठरवा, दोघांनी मिळून, लिहून. ती द्यावी आणि परतीची वाट बघू नये.

'तोवर ही बाग हातची जाईल,' असं तो म्हणणारच. जाऊ दे. आणि खरोखर तीच बाग घ्यायची असेल तर त्यानं मालकाला काही गोष्टी विचाराव्या. उरलेल्या वेली स्वतःच्या मुळांवर आहेत की कलमी? स्वतःच्या मुळांवरच्या असल्या तर खोड मेलं तरी जमिनीतून तीच जात पुन्हा फुटते. कलमी असल्या आणि कलमाच्या जोडापर्यंत खोड मेलं असलं तर खालून जे फुटेल तो खुंट असेल, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ती दुसरीच वेल, त्याला पिनोचे घड लागणार नाहीत. आमच्याकडे डॉगरिजच्या खुंटावर हे घडताना मी पाहिलंय. वरून वेल हिरवीगार दिसते आणि नवखा माणूस फसतो. जिवंत दिसणाऱ्या खोडांवर जमिनीलगत गाठी आहेत का? थंडीनं पडलेल्या चिरांतून जिवाणू शिरला की अशा गाठी येतात आणि वेल पुढे दोन-चार वर्षांत खंगते. ठिबकाला पाण्याचा हक्क कागदावर किती आहे? आणि बाग उताराच्या मधे आहे की तळाला? थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साचते. एकाच बागेत वरच्या ओळी हिरव्या आणि खालच्या जळालेल्या असं होतं. त्यासाठी त्यानं एखाद्या निरभ्र रात्रीच्या शेवटी, पहाटे चारला, थर्मामीटर घेऊन त्या जमिनीवर वरपासून खालपर्यंत चालून यावं. कुठल्याही दलालाच्या कागदापेक्षा ती एक फेरी त्याला जास्त सांगेल.

आणि ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघं तिकडे जा. व्हिजाला वेळ लागतो, कागद आतापासून लावा. तोडणी पाहा, वायनरीचं तळघर पाहा. तुमच्या यजमानांनी तीस वर्षं प्लांटवर काढली आहेत. टाक्या, पंप, व्हॉल्व्ह, थंड करायचं जॅकेट, साफसफाईचं वेळापत्रक, हे त्यांच्या ओळखीचं जग आहे. वाईन ओठाला न लावताही जुनी टाकी घेण्याजोगी आहे की गळकी, हे ते मुलापेक्षा चांगलं सांगू शकतील. रात्री मोबाइलवर ते काय बघतात याचा अर्थ मी असा लावते.

म्हणून बरणीचं उत्तर शेवटी ठेवलं. ती बरणी करू देऊ नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते बाल्कनीत पाच लिटर का असेना. शिवाय झाकण घट्ट बसलं तर आतल्या वायूनं बरणी फुटते. आणि खायच्या द्राक्षात आंबटपणा इतका कमी असतो की कायदा आड आला नसता तरी जे झालं असतं ते मुलाच्या वाईनबद्दल काहीच सांगणारं नसतं.

त्याऐवजी त्यांना एक रिफ्रॅक्टोमीटर आणून द्या. टॉर्चएवढं उपकरण असतं, फार महागही नाही. काचेवर रसाचा एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, साखरेचा आकडा दिसतो. आमच्याकडे प्रत्येक बागायतदाराच्या खिशात असतो. जांभळी नाक्याची काळी द्राक्षं, गावदेवी मार्केटची हिरवी, त्यांना मोजू दे. वाटलं तर या महिन्यात कसारा घाट चढून नाशकाला जा. दीडशे किलोमीटर आहे, वायनऱ्यांची तोडणी चालू आहे. तिथल्या मळ्यात उभं राहून त्यांनी एक मणी फोडावा आणि जो आकडा येईल तो फोटो काढून मुलाला पाठवावा. सोबत काही लिहायला सांगू नका. तिथे सप्टेंबरला किती येतो, हे मुलगा आपणहून कळवेल.